उत्तरेची शहरं, सावकाश

आमच्या वाशीम जिल्ह्यातला माणूस घराबाहेर पडतो तो काहीतरी कारण घेऊनच. शेगावची वारी, पोहरादेवीची यात्रा, कारंज्याच्या गुरुमंदिरातला अभिषेक. नाहीतर लग्न, सोयरीक, अकोल्याचा दवाखाना, वाशीमच्या कोर्टातली तारीख. नवरा-बायको दोघंच कुठंतरी गेले, बरेच दिवस राहिले आणि तिथं त्यांचं काहीएक काम नव्हतं, ही गोष्ट अनसिंगच्या बसस्टँडवर सांगितली तर ऐकणारा हातातला चहा खाली ठेवून विचारतो, "मंग गेलते कायले?"

प्रश्न रास्त आहे. कोरडवाहू मुलखात वेळ आणि पैसा दोन्ही जपून खर्चावे लागतात, आणि दोन्ही एकदम हाताशी असण्याची वेळ फार थोड्यांच्या आयुष्यात येते. आली तरी तोवर गुडघे धरलेले असतात. बायकांचं तर आणखी वेगळं. यात्रेत ती बरोबर असते, पण लेकरं, सासू, शेजारच्या दोघीचौघी, डबे आणि अंथरुणं यांच्यासकट असते. घरची चूल सुटते आणि धर्मशाळेतली पेटते. लग्नाला चाळीस वर्षं होऊनही दोघांनी एका बाकड्यावर बसून तासभर समोर नुसतं पाहिलं आहे, अशी जोडपी मी आमच्या गावात मोजायला गेलो तर एका हाताची बोटं पुरतील.

मराठी वाचकाला जोडप्याच्या विलायतवारीची गोडी लावली पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'नं. ते पुस्तक १९६० साली आलं. पुलं गेले होते बीबीसीच्या प्रशिक्षणाला, म्हणजे त्यांनाही काम होतंच; पण वाचणाऱ्याच्या मनात राहिले ते पुलं आणि सुनीताबाई, दोघं मिळून नवा मुलूख पाहणारे. पुढे मराठी सहल कंपन्या निघाल्या. केसरी १९८४ची. त्यांनी इंग्रजीला बिचकणाऱ्या, परक्या जेवणाला घाबरणाऱ्या हजारो मध्यमवर्गीय जोडप्यांना विमानात बसवलं, पॅरिसमध्ये वरणभात वाढला. हे काम मोठं आहे आणि त्याचं मोल मी मानतो. तरी त्या सहलींचा वेग मला मानवत नाही. सकाळी एक राजधानी, दुपारी दुसरी, रात्री बसमध्ये डुलक्या. ज्या माणसानं जन्मभर घाईत कामं उरकली, त्यानं सुट्टीही उरकून टाकायची, हे मला पटत नाही. म्हणून मी आणि माझी बायको आमच्या बेतानं गेलो. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी आणि तालिन एवढीच शहरं. दिवसाला एक जागा पाहायची, उरलेला वेळ बसायचं आणि पायी हिंडायचं.

अडचण होती ती हंगामाची. युरोपची उत्तर पाहायची तर जून ते ऑगस्ट हाच काळ. हिवाळ्यात हेलसिंकीत सूर्य जेमतेम सहा तास वर असतो. जूनअखेर तो जवळपास एकोणीस तास मावळत नाही. अनसिंग विसाव्या अक्षांशाच्या आसपास, हेलसिंकी साठाव्या. आणि नेमका हाच जून म्हणजे आमच्याकडे मृग, पेरणी, सोयाबीनचं बियाणं, खताच्या रांगा. शेती असलेलं जोडपं जूनमध्ये गाव सोडून गेलं असं आमच्या आठवणीत नाही. मी शाळेतून निवृत्त झालो, आणि त्या वर्षी गुढीपाडव्याला आम्ही शेत ठोक्यानं दिलं. हिला तो निर्णय जड गेला. पेरणीच्या दिवसांत आपण वावरात नाही ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. संपूर्ण प्रवासात रोज सकाळी तिचा पहिला प्रश्न एकच असे: "तिकडे पानी आलं का, इचारा ना."

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण गावात सगळे आधी तेच विचारतात. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि एस्टोनिया हे चारही देश शेंगेन करारातले, त्यामुळे चारही देशांसाठी मिळून एकच व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त रात्री काढायच्या त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. शुल्क सध्या माणशी ९० युरो. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. बँकेचे उतारे, पेन्शनचे कागद, राहण्याच्या जागेचं आरक्षण, परतीचं तिकीट. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि परतल्यानंतर निदान तीन महिने तो चालू हवा. शिक्षकाला कागदांची सवय असते, ते जमून गेलं.

कोपनहेगनमध्ये पहिल्या दिवशी आम्ही फक्त स्ट्रॉयेट या रस्त्यावर गेलो. सव्वा किलोमीटरच्या आतलाच हा बाजाररस्ता. १९६२ साली तो मोटारींना बंद केला, तेव्हा दुकानदारांनी ओरड केली होती की गिऱ्हाईक येणार नाही आणि या थंड देशात रस्त्यावर रेंगाळणार कोण? लोक रेंगाळले. यान गेल या वास्तुरचनाकारानं पुढे कित्येक वर्षं या शहरात माणसं कुठं चालतात, कुठं थांबतात, किती वेळ बसतात याची मोजदाद केली आणि त्या मोजदादीवर शहराची आखणी होत गेली. याचा अर्थ आम्हाला पायांनी कळला. दर थोड्या अंतरावर बसायला जागा आहे. तिथं बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. बाजूला एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, एक बाई लेकराला दूध पाजत होती. ही बराच वेळ बसली आणि मग हळूच म्हणाली, "इथं बसलं तं कोनी उठ म्हनत नाही का?" आमच्याकडे बाईमाणसानं बाजारात विनाकारण बसून राहण्याची सोय नाही. दुकानाची पायरी असते, पण तिथं खरेदी करावी लागते. देवळाचा ओटा असतो, पण तिथं आधी नमस्कार करावा लागतो.

गोल मनोरा आम्हाला फार आवडला. राजा चौथा ख्रिश्चन यानं तो बांधला, १६४२ साली पूर्ण झाला. आत पायऱ्या नाहीत, विटांचा रुंद चढाव आहे. तो साडेसात वेढे घेत वर जातो, लांबी सुमारे २०९ मीटर. वर विद्यापीठाची वेधशाळा आणि ग्रंथालय होतं, जड पुस्तकं आणि यंत्रं वर न्यायची होती म्हणून चढाव केला. १७१६ साली रशियाचा झार पीटर घोड्यावरून वर गेला होता. आम्ही दोघं गुडघ्यांना सांभाळत, प्रत्येक खिडकीच्या कोनाड्यात टेकत गेलो, आणि शेवटचा अरुंद जिना सोडला तर कुठंच त्रास झाला नाही. वरून शहराची लाल कौलं दिसतात आणि पलीकडे समुद्राची कड. याच राजानं १६१८ साली आपली जहाजं हिंदुस्थानाकडे धाडली होती, आणि १६२० साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला डॅनिश किल्ला उभा राहिला. त्यानंच बांधलेल्या जुन्या शेअरबाजाराची इमारत, जिच्या शिखरावर चार ड्रॅगनांच्या शेपट्यांचा पीळ होता, १६ एप्रिल २०२४ला जळाली. आग लागली तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसंसुद्धा आत शिरून जुनी चित्रं खांद्यावर घेऊन बाहेर आली होती. आम्ही तिथं गेलो, मचाणांकडे पाहत थोडा वेळ उभे राहिलो.

जलपरीच्या पुतळ्याबद्दल फार लिहीत नाही. तो १९१३चा, सव्वा मीटर उंचीचा, सगळे त्याच्याबरोबर फोटो काढतात. आम्हीही काढला.

खरं सांगायचं ते हेल्सिंगोरबद्दल. कोपनहेगनहून किनाऱ्याकाठानं उत्तरेला पाऊण तास गाडीनं गेलं की हे गाव लागतं. इथं क्रोनबोर्गचा किल्ला आहे, शेक्सपिअरनं 'हॅम्लेट' ज्या एल्सिनोरमध्ये घडवलं तो हाच. समोरची समुद्राची पट्टी जेमतेम चार किलोमीटर रुंद, पलीकडे स्वीडन. बाल्टिक समुद्रात ये-जा करणाऱ्या जहाजांना इथं थांबून जकात भरावी लागे. १४२९ ते १८५७, सव्वाचारशे वर्षं ही जकात चालली आणि डेन्मार्कचा खजिना तिच्यावर भरत राहिला. पर्यटक येतात ते हॅम्लेटसाठी. मी गेलो होतो महर्षी कर्व्यांसाठी.

१९२९च्या ऑगस्टमध्ये, ८ ते २१ तारखेपर्यंत, एल्सिनोरला न्यू एज्युकेशन फेलोशिपची आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती. धोंडो केशव कर्वे तिला हजर होते. वय ७१. आधी इंग्लंडात माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांची परिषद, मग लंडनमध्ये भाषण, मग जिनिव्हाची परिषद, आणि तिथून इथं. पुढे अमेरिका आणि जपान. १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढणारा, १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू करणारा माणूस त्या वयात बायकांच्या शिक्षणाची माहिती सांगत आणि त्यासाठी पैसा गोळा करत जगभर फिरला. मी शाळेत पस्तीस-एक वर्षं कर्व्यांवरचा धडा शिकवला असेन, पण या गावाचा उल्लेख त्यात कधी आला नाही. किल्ल्याच्या चौकात उभं राहून हिला मी हे सगळं सांगितलं. हिचं शिक्षण सातवीला थांबलं, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावी होती आणि मुलीला पाठवायचं कसं, हा प्रश्न घरात कुणाला सुटला नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हातारपनी एवढ्या दूर आले ते पोरींसाठीच ना?" मी हो म्हटलं. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच पाहिलं नाही. किल्ल्याबाहेरच्या दगडी बंधाऱ्यावर बसून स्वीडनकडे जाणाऱ्या होड्या मोजत राहिलो.

याच हेल्सिंगोरमध्ये १९२१ साली पेटर मान्निके यांनी आंतरराष्ट्रीय लोकविद्यालय काढलं. डेन्मार्कची लोकविद्यालयं ही शेतकऱ्यांसाठी फार मोलाची गोष्ट. ग्रुंड्टविग या धर्मोपदेशकाची ती कल्पना, पहिलं विद्यालय १८४४चं. हिवाळ्यात शेत झोपलेलं असताना शेतकऱ्यांच्या मुलांनी काही महिने एकत्र राहायचं, इतिहास, भाषा, गाणी, हिशेब शिकायचं. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. पुढे १८७०नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं आणि डॅनिश शेतकऱ्याच्या गव्हाचा भाव कोसळला. तेव्हा शिकलेल्या याच लोकांनी धान्य सोडून दुधाकडे वळायचं ठरवलं. १८८२ साली येडिंग इथं पहिली सहकारी दूधसंस्था निघाली. मतदान डोक्यागणिक, कुणाकडे दोन गाई असोत की वीस, मत एकच. भाव पडला म्हणजे काय होतं, हे सोयाबीनच्या मुलखातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडेही सहकार आला, काही ठिकाणी रुजला, बऱ्याच ठिकाणी पुढाऱ्यांच्या खिशात गेला. डेन्मार्कमध्ये आधी शाळा आली आणि मग संस्था. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो आणि आमच्याकडच्या प्रत्येक बाजार समितीच्या सभागृहात तो कुणीतरी मोठ्यानं सांगावा असं वाटतं.

कोपनहेगनहून मालमोला जाणारी गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यातून जाते, मग माणसानं रचलेल्या एका बेटावर वर येते आणि तिथून जवळपास आठ किलोमीटरच्या पुलावर चढते. हा पूल २००० साली सुरू झाला. मालमोहून वेगवान गाडीनं साडेचार-पाच तासांत स्टॉकहोम. वाटेत रान, तळी, लाल रंगाची लाकडी घरं, पुन्हा रान. हिनं खिडकी सोडली नाही. "एवढ्या जागेत मानसं कुठी हायेत?" हा तिचा प्रश्न मलाही पडला होता.

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेलं. इथं आम्ही दोनच जागा नीट पाहिल्या. एक वासा जहाज. १० ऑगस्ट १६२८, रविवार. राजा गुस्ताव आडोल्फचं नवं कोरं लढाऊ जहाज, तोफांचे दोन मजले, एकूण ६४ तोफा, अंगभर कोरीवकाम, बंदरातून निघालं. काठावर गावच्या गाव लोटलं होतं. सुमारे तेराशे मीटर गेलं असेल, एक झोत आला, जहाज कललं, खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते बुडालं. तीसेक माणसं गेली. आधी धक्क्यावर तीस खलाशांना डेकवर इकडून तिकडे पळवून जहाज किती हलतं ते पाहिलं होतं. इतकं हललं की बुडायच्या भीतीनं चाचणी थांबवावी लागली. तरी जहाज निघालं, कारण राजाला घाई होती. चौकशी झाली. जहाज बांधणारा कारागीर आधीच वारला होता, मापं राजानं मंजूर केली होती. शिक्षा कुणालाच झाली नाही.

जहाज ३३३ वर्षं चिखलात पडून राहिलं. बाल्टिकचं पाणी थंड आणि कमी खारट, त्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ते टिकलं. आंदेर्स फ्रान्सेन या संशोधकानं ते १९५६ साली शोधलं, २४ एप्रिल १९६१ला ते पाण्यावर आलं. लाकूड वाळून फुटू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं रसायनाचे फवारे मारले. १९९० साली त्याच्याभोवती संग्रहालय उभं राहिलं. आत अंधुक उजेड, गारवा, आणि समोर एकोणसत्तर मीटर लांबीचं काळं जहाज. जवळजवळ सगळं लाकूड मूळचं आहे. मी तोफा पाहत होतो. ही थांबली ती एका खलाशाच्या पेटीपाशी. पेटी जशीच्या तशी सापडली, तिच्यात टोपी होती आणि सुई-दोऱ्याचं सामान. हिनं गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज शिवून घराला हातभार लावला आहे. ती काचेला नाक लावून त्या सुईच्या घराकडे पाहत राहिली. कुणाच्या तरी आईनं किंवा बायकोनं ते बांधून दिलं असणार, असं ती म्हणाली. मला ते सुचलं नव्हतं.

दुसरी जागा स्कान्सेन. आर्टुर हात्सेलियस या माणसानं १८९१ साली ती उभी केली. कारखानदारीत खेडी बदलून चालली, आता जुनं घर कुणाला दिसणार नाही, या काळजीनं त्यानं स्वीडनभरातली शेतकऱ्यांची घरं, कोठारं, गोठे, पवनचक्की, लाकडी चर्च उचलून या टेकडीवर आणून मांडली. जगातल्या पहिल्या खुल्या संग्रहालयांपैकी हे एक. एका घराच्या स्वयंपाकखोलीत आम्ही शिरलो. छत ठेंगणं, मधोमध चूल, आणि छताखाली आडव्या दांड्यावर ओवलेल्या राईच्या कडक भाकऱ्या. प्रत्येकीच्या मधोमध भोक. भाकऱ्या वर्षातून दोन-तीनदाच भाजायच्या, दांड्यावर ओवून ठेवायच्या आणि महिनोन्‌महिने खायच्या, अशी ही पद्धत. जुन्या वेषातल्या बाईनं एक तुकडा हातावर ठेवला. हिनं तो वळवून पाहिला, वास घेतला, दातानं मोडला. मग त्या बाईला तिनं हातांच्या खुणांनी आपली ज्वारीची भाकर थापून दाखवली. त्या बाईनं पीठ मळायची लाकडी काठवट पुढे केली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मी बाहेर जाऊन बसलो.

खाण्याचं आम्ही घरून बांधून नेलं होतं: शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या. राहायला स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्या घेतल्या होत्या, त्यामुळे रोज एक वेळ वरणभात. नळाचं पाणी थेट पितात, बाटली घ्यावी लागत नाही. स्टॉकहोमच्या एका बेकरीत पाऊल टाकलं आणि दोघंही थबकलो. वेलदोड्याचा वास, अगदी दिवाळीच्या आधी लाडू वळताना घरभर असतो तसा. स्वीडन आणि फिनलंडमध्ये पावात, बनात वेलदोडा सर्रास घालतात आणि माणशी वेलदोडा खाण्यात हे देश जगात फार वरच्या क्रमांकावर आहेत. तिथल्या पावावर जवसही भरपूर पेरलेला असतो. आमच्याकडे एके काळी गव्हात-हरभऱ्यात जवसाच्या ओळी असत, सोयाबीन आल्यावर त्या वावरांतून उठल्या. घरच्या चटणीपुरता जवस आता किराण्यातून आणावा लागतो, याची हिला त्या पावाकडे पाहून हळहळ वाटली आणि ती तिनं मला दोन दिवस ऐकवली.

स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रीचं जहाज जातं. संध्याकाळी निघतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पोचतं. निघाल्यावर कित्येक तास ते बेटांमधून वाट काढतं. हजारो बेटं. काहींवर एकच घर, काहींवर नुसते खडक आणि चार झाडं. दहा वाजून गेले तरी उजेड होता. वर डेकवर फिनिश म्हातारी जोडपी घोंगड्या पांघरून बसली होती, फारसं बोलत नव्हती. मध्यरात्रीनंतर जहाज ऑलंड बेटांवर मारिएहाम्नला थोडं थांबतं. जहाजं मुद्दाम इथं थांबतात, कारण ऑलंड करांच्या बाबतीत युरोपीय संघाच्या कक्षेबाहेर आहे आणि त्यामुळे जहाजावर करमुक्त विक्री करता येते. आम्ही डेकवर होतो. ही म्हणाली, लग्नानंतर एवढा वेळ आपण दोघंच कधी बसलो नव्हतो. माझ्याही ते तेव्हाच ध्यानात आलं, आणि मला फार वाईट वाटलं की इतकी वर्षं ते ध्यानात आलं नाही.

हेलसिंकीत पाहण्यासारखं पुष्कळ आहे: १८५२चं पांढरं कॅथेड्रल, खडक फोडून केलेलं चर्च, होडीनं पंधरा मिनिटांवरचा सुओमेनलिन्नाचा सागरी किल्ला. आम्ही मात्र पुन्हा पुन्हा गेलो ते ओदी या सार्वजनिक ग्रंथालयात. फिनलंडच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली त्याची ही भेट. ५ डिसेंबर २०१८ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, ते उघडलं. संसदेच्या अगदी समोर ते मुद्दाम बांधलं आहे. कुणीही आत या, ओळखपत्र कुणी मागत नाही. वरच्या मजल्यावर पुस्तकं, आरामखुर्च्या, रांगणारी मुलं, गच्ची. मधल्या मजल्यावर छपाई यंत्रं, संगीत ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि शिलाई यंत्रांची ओळ. सगळं लोकांसाठी. फिनलंडचा पहिला ग्रंथालय कायदा १९२८चा. छप्पन्न लाखांच्या देशानं आधी युद्धं सोसली, गरिबी सोसली, पण वाचनालयावर खर्च करायचं सोडलं नाही.

हिच्या सलवारीची शिवण उसवली होती. ती शिलाई यंत्रापाशी उभी राहिली आणि तिथल्या मुलीनं काही न विचारता खुर्ची पुढे केली. यंत्र विजेवरचं, पडद्यावर टाक्यांची चित्रं. हिनं एकदा चाक हातानं फिरवून पाहिलं, दोरा ओवला, पाय दाबला. शेजारच्या यंत्रावर एक दणकट तरुण सायकलची पिशवी शिवत होता, त्याचा दोरा सारखा तुटत होता. हिनं त्याची बॉबिन काढली, उलटी बसली होती ती सुलटी केली. त्या पोरानं दोन्ही हात जोडले. मी तिथं खुर्चीत बसून मराठी पुस्तकं आहेत का ते शोधत होतो, ते सोडून पाहत राहिलो. आमच्याकडे गावोगावी वाचनालयं आहेत. अनुदान वेळेवर येत नाही, तरी कुणी ना कुणी ती उघडी ठेवतं. तिथं बायकांसाठी एक शिलाई यंत्र ठेवलं तर कायद्यानं काही अडत नाही. गावी परतल्यावर मी हे दोन-तीन ठिकाणी बोललो आहे आणि बोलत राहणार आहे.

दुपारी बंदराजवळच्या कौप्पातोरी बाजारात वाटाण्याच्या शेंगा लिटरच्या मापानं विकतात. लोक पिशवी घेऊन काठावर बसतात आणि कच्च्याच सोलून खातात, टरफलांवर सीगल पक्षी झेपावतात. आम्हीही खाल्ल्या. फार गोड होत्या.

तालिन हे शेवटचं. हेलसिंकीहून जहाजानं दोन-अडीच तास. तटबंदीच्या आतलं जुनं गाव, १४०४ सालचं नगरगृह, आणि त्याच चौकात १४२२ साली चालू असल्याची नोंद असलेलं औषधाचं दुकान, आजही चालू. खडी रस्त्यावर हिचे पाय दुखले, म्हणून आम्ही पुढचे दिवस तटाबाहेर काढले. माझं मन मात्र एका आकड्यात अडकून पडलं होतं. एस्टोनियाची लोकसंख्या पावणेचौदा लाखांच्या घरात. २०११च्या जनगणनेत एकट्या वाशीम जिल्ह्याची होती सुमारे बारा लाख. जवळपास आमच्या जिल्ह्याएवढी माणसं, आणि त्यांची स्वतःची भाषा, त्या भाषेतलं विद्यापीठ, वर्तमानपत्रं, ऑपेरा, संसद. रशियाचं, जर्मनांचं, पुन्हा सोव्हिएत राज्य सोसून भाषा टिकली, आणि ती टिकवण्यात गाण्याचा मोठा वाटा आहे. १८६९ साली तार्तूला पहिला गीतमहोत्सव झाला. तो परंपरेनं चालत आला. १९८८ साली तालिनच्या गीतमैदानावर लाखो लोक जमून बंदी असलेली देशगीतं गायले. २३ ऑगस्ट १९८९ला एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया या तीन देशांतली सुमारे वीस लाख माणसं हातात हात धरून तालिनपासून रीगामार्गे विल्नियसपर्यंत सहाशेच्या वर किलोमीटर उभी राहिली. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला.

गीतमैदान म्हणजे समुद्राकडे उतरत जाणारा हिरवा उतार आणि खाली गाणाऱ्यांसाठी भली मोठी कमान. आम्ही गेलो तेव्हा ते रिकामं होतं. उताराच्या माथ्यावर बसलो. हिला मी साखळीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, एवढ्या लोकांना एका वेळी उभं कुणी केलं? मी सांगितलं, गावोगावी गायनमंडळं होती, रेडिओवर कुठं जायचं ते सांगितलं होतं, मोटारी-बसगाड्या भरून माणसं नेमून दिलेल्या जागी गेली. तिनं लगेच विचारलं, बायका होत्या का? होत्या, लेकरं कडेवर घेऊन होत्या.

आम्ही परतलो तेव्हा सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. ठोक्यानं घेणाऱ्यानं वेळेवर पेरलं होतं, डवरणी झाली होती. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतलं एक जोडपं घरी आलं, दोघंही निवृत्तीला आलेले. त्यांच्या हातात एका सहलीचा कागद होता, त्यावर अकरा शहरं. हिनं पेन घेतला, चष्मा लावला आणि सात खोडली. उरलेल्या चारांत हेलसिंकी आहे. ओदीत शिलाई यंत्राची वेळ आधी राखून ठेवता येते, ते मी कागदाच्या खाली लिहून दिलं.